चिरलेल्या अंगुस्तानाचा राग

मित्रांनो, मी एक जुनं पितळी अंगुस्तान आहे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ना, ती टोपी. माझ्या अंगावर उभी चीर आहे. तिची आठवण झाली की अजून माझं पितळ तापतं.

माझी मालकीण टेलरकाकू. तिच्या मधल्या बोटावर मी अगदी बेतानं बसायचो. एका वर्षी मी निघेचना. साबण लावून ओढलं. शेवटी सोनारानं मला चिरून फाकवलं, काकूची अंगठीही वाढवून दिली. चांभारानं चपला सैल केल्या. डॉक्टरांनी सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या, म्हणाले, "वय झालं, बाई." वय? बेचाळीस!

घरात तर चेष्टाच. "आई, फोनवर तुला सगळे बाबाच समजतात!" लेक हसायची. "पंजा बघा, पैलवानाचा," नवरा म्हणायचा. काकूही हसायची आणि स्वतःचे ब्लाउज उसवत बसायची. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. 'का?' असं एकानंही विचारलं नाही. मला तोंड असतं तर किंचाळलो असतो!

मग तिला कडेचं दिसेनासं झालं. चष्म्यासाठी ती शिवणावरून तशीच उठून गेली, मी बोटावरच. डोळ्यांची डॉक्टरीण माझ्याकडे बघत राहिली.

"काकू, हे चिरलं कुणी?"

"सोनारानं. बोट मोठं झालं ना, बाळा."

"या वयात बोट वाढतं? अंगठी? चपला?"

"सगळं वाढवून घेतलंय की!" काकू ऐटीत म्हणाली. टेलरच ती. माप बदललं की उसवायचं, एवढंच ठाऊक.

साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं. वाढीचं हार्मोन उतरायला हवं होतं, उतरलं नाही. स्कॅनमध्ये मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत गाठ निघाली. तीच शरीर वाढवत होती, डोळ्यांच्या नसा दाबत होती. मोठ्या डॉक्टरांनी जुना फोटो मागितला. नवऱ्यानं लग्नातला पुढे केला. त्यातल्या नाजूक चेहऱ्याशेजारी आताचं रुंद नाक नि जबडा बघून त्यानं मान खाली घातली, ती वर करेचना.

नाकातून शस्त्रक्रिया करून गाठ काढली. थोडी उरली, तिच्यासाठी दरमहा इंजेक्शन. नजर वाचली. सूज उतरली, पण वाढलेली हाडं काही मागे फिरली नाहीत. मी आता बोटावर जरा डगडगतो. लेकीनं नवं अंगुस्तान आणलं, तर काकू म्हणाली, "राहू दे. घरात एवढी माणसं, पण बोललं हेच."

मित्रांनो, आईची अंगठी निघेनाशी झाली, तर साबण आणायला धावू नका. आधी तिचा हात हातात घ्या आणि विचारा, "आई, कधीपासून गं?"