पारा हलला नाही

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचं एक जुनं यंत्र आहे. दवाखान्यातली शेवटची तीन वर्षं मात्र कागद उडू नयेत म्हणून मला वापरलं जात होतं.

माझी उमेदीची वर्षं गेली दक्षिण आफ्रिकेतल्या म्थाथा गावच्या सरकारी प्रसूतिगृहात. तिथे दिवसाला चाळीस दंडांना पट्टा बांधला जायचा, आणि माझा पारा कुणाच्या भिडेखातर एक रेघही सरकला नाही. पुढे लिलावात मला डॉक्टर मगाडलांनी घेतलं. त्यांचा गर्भपाताचा दवाखाना फर्निचरच्या दुकानावर होता. कायद्याची परवानगी भिंतीवर, चौकटीत होती. माझा रबरी फुगा चिरला, तेव्हा नवा कुणी आणला नाही.

तिथली शिस्त वाखाणण्यासारखी होती. सिस्टर झुकीस्वा सकाळीच दिवसभराचे तक्ते भरून ठेवत. प्रत्येकीचा दाब १२०-८०. बाई यायची बाकी असे, प्रकृती आधीच उत्तम. त्या तक्त्यांवर मला ठेवत.

एका मंगळवारी लुंगेल्वा आली. वीस वर्षांची, शिक्षिका व्हायला शिकणारी. सगळं उरकल्यावर ती पडल्या पडल्या म्हणाली, "सिस्टर, डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

"उपाशीपोटी आलीस ना, बाळ. येणारच. पड गप."

डॉक्टर जेवायला गेले होते. साफसफाई करणाऱ्या मामबेलेला खाटेखाली रक्ताचं थारोळं दिसलं. तिने कुणाला विचारलं नाही. पोरीला पाठुंगळी घेऊन जिना उतरली आणि प्रवाशांनी भरलेली टॅक्सी रिकामी करायला लावली. पावणेदोनला लुंगेल्वा सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. माझ्याखालच्या तक्त्यात त्याच वेळी तिचा दाब १२०-८० होता. शेरा होता: 'हसतमुख, चालत घरी गेली.'

ती वाचली. तिने तक्रार केली, तेव्हा दवाखान्याने तिलाच खोटारडी ठरवलं. शेजारणी म्हणाल्या, "असल्या ठिकाणी जायचं आणि वर बोंबलायचं?"

लुंगेल्वा म्हणाली, "चोरी करायला नव्हते गेले, मावशी. कायद्याने गेले होते. दंडाला पट्टा बांधायला त्यांचं काय जात होतं?"

चौकशी बसली. मामबेलेने मला शालीत गुंडाळून तिथे नेलं. डॉक्टरांचा वकील गोड हसला. "आई, तुम्ही झाडूवाल्या. यंत्रातलं तुम्हाला काय कळणार?"

"यंत्रातलं नाही कळत, साहेब. धुळीतलं कळतं. याच्यावरची महिन्याकाठी मीच पुसायचे, बोटभर. रोजच्या वापरातल्या वस्तूवर एवढी बसते होय?"

चौकशीच्या अध्यक्षबाईंनी पट्टा डॉक्टरांच्याच दंडाला बांधायला लावला. फुगा दाबला. तो फुस्स झाला. पारा शून्यावरच. माझ्या हिशोबाने डॉक्टर केव्हाच वारले होते.

मग इस्पितळाची नोंदवही आणि तो तक्ता शेजारी ठेवले गेले. एकच मुलगी, एकच वेळ, दोन ठिकाणी. दवाखान्याला टाळं लागलं, डॉक्टरांचा परवाना गेला. निकालात लिहिलं होतं: तक्रारदार खरं बोलली. लुंगेल्वाने ती ओळ शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा.

आता मी पुराव्यांच्या कपाटात आहे. माझ्यावर चिठ्ठी आहे, 'दुरुस्त करू नये.' बिघडलेलं असण्याचा एवढा मान कुणाला मिळतो?

मित्रांनो, यंत्रांना जपा, फुगा चिरला तर बदला. पण त्याआधी एक करा. तुम्ही कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही कारणाने गेलात आणि न मोजताच कुणी आकडा लिहायला लागलं, तर मान खाली घालू नका. दंड पुढे करा आणि म्हणा, "आधी मोजा."