सांभाळून घेणं

अनुराधाबाईंनी हातोडी पुढे केली आणि डॉक्टर शशिधरांनी ती उलटसुलट करून पाहिली, जणू पहिल्यांदाच पाहताहेत. क्षणभरच. मग त्यांनी तबल्याच्या कडेवर ठकठक सुरू केली, कान लावला, मान हलवली. तेव्हा कुठे बाई समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

नॉटिंगहॅमच्या त्या पार्कात लॅटिन संगीताचा मेळा भरला होता. आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी मिळून काहीतरी वाजवायचं, अशी तिथली रीत. त्यांची नात तनया इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकायची आणि मेळ्याच्या बँडमध्ये काँगा वाजवायची, म्हणजे ते हातांनी वाजवायचे उंच ढोल. यंदा तिने आजोबांना तबल्यासकट ओढलं होतं. नको म्हणायला बाईंकडे कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर विसरायला लागले होते. चष्मा, किल्ल्या सगळेच विसरतात. हे तसलं नव्हे. मध्यंतरी ते आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून घर डावीकडे की उजवीकडे याचा विचार करत होते. दवाखान्यातल्या जीपीने मेमरी क्लिनिकला जायला सांगितलं, ते बाईंनी पोटातच ठेवलं. वॉटफर्डहून मुलाचा, परीक्षितचा फोन आला की बाबा मजेत आहेत रे, असं ठोकून द्यायचं. एकदा त्याला कळलं की घर विकायला लावणार, आणि मग सगळे यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलायला लागणार. अख्ख्या शहराला भूल देऊन पुन्हा नीट जागं करणारा माणूस हा! आज मराठी मंडळाची निम्मी माणसं समोर बसलेली. चारचौघांत अडखळले तर संपलंच सगळं.

गाणं सुरू झालं. ताल कशाशी खातात हे बाईंना जन्मात कळलं नव्हतं. पण समेवर नवऱ्याची हनुवटी वर जाते, एवढं पक्कं ठाऊक. तेवढ्या भांडवलावर त्यांनी कित्येक मैफिलींत अगदी नेमक्या जागी वाहवा केली होती. आज मात्र हनुवटी वर जायची तेव्हा बाकीच्यांचं दुसरंच काही चाललेलं असायचं. कुणी मधेच ठोका सोडायचं, कुणी भलत्याच जागी मारायचं. यांचं संगीत असंच असतं, की हे चुकताहेत? कळायला काही मार्गच नव्हता.

शेजारी कोलंबियाच्या एक आजीबाई खुर्चीतल्या खुर्चीत खांदे उडवत होत्या. हे बरोबर चाललंय ना, असं बाईंनी त्यांना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, सुरुवात तर साल्साची होती, आता काय चाललंय ते देवाला ठाऊक, पण पाय थांबत नाहीत. आणि उठून नाचायला गेल्यासुद्धा. बाईंचा गोंधळ आणखीच वाढला. स्टेजवर ट्रम्पेटवाला तनयाकडे बघत होता आणि तनया आजोबांच्या हातांकडे. हळूहळू सगळे एका जागी येऊ लागले. हनुवटी वर गेली आणि त्याच ठोक्यावर अख्खा बँड आदळला. पुन्हा गेली, पुन्हा आदळला. लोक उभे राहून ओरडू लागले. बाईंनीही टाळ्या वाजवल्या, पण कशासाठी ते त्यांना कळलं नव्हतं.

तनया घामाघूम होऊन खाली आली. बाईंनी तिला तंबूच्या मागे नेलं आणि आजोबा चुकले का, असं सरळच विचारलं.

"हो," तनया तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "सुरुवातीलाच. आमचा गाणं ते विसरले."

"मग?"

"बँडला मी आधीच सांगितली होती. आजोबा कुठे पण गेले तर आपण फॉलो करायचं."

मग तुला कधीपासून माहीत आहे, असं बाईंनी विचारलं.

"इस्टरपासून. आजोबा दर रविवारी मला नवीन कायदा शिकवतात ना, तबल्याचा?" तनयाने कपाळावरचा घाम पुसला. "तो एकच आहे, आजी. मी दर वेळी पहिल्यांदा शिकते."

बाईंना आधी रागच आला. कोणावर, ते कळेना. मग लाज वाटली, आणि मग इतकं हलकं वाटलं की त्यांनी तंबूचा दोर धरला. इतके दिवस त्या एकट्याच दार लावून बसल्या होत्या आणि ही पोरगी केव्हाची आत येऊन बसली होती.

डॉक्टर आले ते कॉलर ताठ करूनच.

"माणसं चांगली आहेत गं, पण समेचा पत्ता नाही कुणाला," ते म्हणाले. "मी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं."

बाई हो म्हणाल्या. डॉक्टरांनी तनयाच्या पाठीवर थाप मारली आणि या रविवारी लवकर ये, एक नवीन कायदा देतो, असं बजावलं. कुठला, असं तिने विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरची उत्सुकता होती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"येताना बाबाला घेऊन ये," त्या म्हणाल्या.

"परीक्षितला?" डॉक्टर हसायला लागले. "त्याला कुठला आलाय ताल! त्याचं काय काम?"

"बसू दे समोर," बाई म्हणाल्या. "त्यालाही आता शिकायला हवं."