आकडा पंच्याण्णवचा

मी एका मोटारीचं इंजिन बोलतोय. सूड घेतलेलं इंजिन. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी कीव करायला नको.

माझी पहिली मालकीण डॉक्टरीणबाई. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ‘ऑक्टेन पंच्याण्णव’ लिहिलेलं होतं, म्हणजे पेट्रोल किती दाब सोसतं त्याचा आकडा. पंप कुठल्याही कंपनीचा असो, बाई काच खाली करून एवढंच म्हणायच्या, “पंच्याण्णव हं!” तेरा वर्षं मी त्यांना रात्रंदिवस बाळंतिणींच्या दारी पोचवलं, एकदाही कुरकुरलो नाही.

नजर अधू झाली तशी त्यांनी गाडी भाच्याला दिली. अट एकच, दर मंगळवारी त्यांना दवाखान्यात न्यायचं.

भाच्याला कंपनीच्या नावाचं भारी कौतुक. तीन पंप सोडून लांब एका नावाजलेल्या कंपनीच्या पंपावर जायचा आणि भरायचा मात्र एक्याण्णव! माझ्यात दाब जास्त. कमी आकड्याच्या पेट्रोलला तो सोसत नाही, ते भलत्या वेळी पेटतं. चढावर पोटात डब्यातल्या खड्यांसारखं टकटक वाजायचं. भाचा रेडिओ मोठा करायचा.

एकदा बाई मागून म्हणाल्या, “अरे, हे ठोके देतंय. झाकणात काय लिहिलंय बघ ना.”

“मावशी, नावाजलेल्या कंपनीचं भरतो मी.”

“कंपनी कुठलीही चालेल रे, आकडा बघ.”

“तुला दिसत नाही, आता भासही व्हायला लागले!”

बाईंनी पर्स घट्ट धरून खिडकीकडे तोंड केलं. स्वतःचे हाल मी सोसले असते. हे मात्र मनात धरलं.

पुढे त्याने बाईंना न विचारताच मला विकायला काढलं. गिऱ्हाईक म्हणजे गाडी शिकवणाऱ्या एक बाई. त्या चालवायला बसल्या, हा शेजारी. “एकदम उत्तम कंपनीचं पेट्रोल पाजलंय!” त्याचं तुणतुणं चालूच.

टेकडीचा चढ आला. आजवर ठोका ऐकला की मी ठिणगी जरा उशिरा टाकायचो, जीव सांभाळायचो. त्या दिवशी सांभाळला नाही. वाजू दिलं, मनसोक्त. मग फाटकन पिस्टन फुटला आणि निळा धूर निघाला.

शिक्षिकाबाईंनी उतरून झाकण उघडलं. “इथे पंच्याण्णव लिहिलंय. तुम्ही कितीचं भरता?”

त्याने कंपनीचं नाव सांगितलं.

“मी आकडा विचारला.”

भर रस्त्यात, मागच्या गाड्या खोळंबलेल्या, आणि तो वाकून झाकणातला आकडा वाचतोय. अहाहा!

आता मी गॅरेजच्या मागे भंगारात पडलोय. उद्या परवा वितळवतील. पश्चात्ताप? मुळीच नाही.

फक्त समोरच बसथांबा आहे. मंगळवारी डॉक्टरीणबाई तिथे काठी टेकून उभ्या असतात, दवाखान्याच्या बसची वाट बघत. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, “कुठली आली हो?” कुणी सांगतं, कुणी नाही.

तेवढी त्यांना बस सांगा. माझ्याकडे नाही पाहिलंत तरी चालेल.