पाणी गरम आहे, असंच मी सांगत होतो

मी एका डिझेल गाडीच्या इंजिनातला सेन्सर बोलतोय. ओळख पटली नाही ना? नाहीच पटायची. गाडी घेणारा माणूस रंग बघतो, टायरला लाथ मारून बघतो, सीटवर दोनदा आपटून बसतो. माझ्याकडे बघायला कुणी वाकत नाही. अंगठ्याएवढा माझा जीव. पितळेचं अंग, वर काळं टोपरं आणि त्यात खोचलेल्या दोन वायरी. इंजिनात फिरणारं पाणी किती तापलंय एवढंच मला कळतं, आणि तेवढंच मी सांगतो.

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. माझी घडणच तशी. पाणी थंड असलं की मी दात आवळून बसतो, विजेला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. पाणी तापेल तसा सैल पडतो. डॅशबोर्डमागे एक काळा डबा आहे, तो माझ्या या आवळण्यावरून इंजिनाचा अंदाज घेतो. मी आवळून बसलो की तो म्हणतो, इंजिन गारठलंय, जरा जास्त डिझेल द्या, जोरात फिरू द्या. मी सैल पडलो की तो इंजिनाला शांत करतो. थोडक्यात, संशय मीही घेतो, पण पाणी तापलं की सोडून देतो. माणसांचं तसं नसतं, हे मला खाडीकाठच्या करावे नावाच्या गावात आल्यावर समजलं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. तिथे मला उकळत्या पाण्यात बुडवलं, गार केलं, पुन्हा उकळलं, तेव्हा कुठे पास केलं. जन्मल्या दिवसापासून माझ्यावरही संशयच म्हणायचा! मग समुद्रातून इकडे आलो, इथल्या कारखान्यात एका पांढऱ्या गाडीच्या इंजिनावर चढलो, आणि १९९६ च्या दसऱ्याला धर्मराजशेटच्या दारात उभा राहिलो.

धर्मराजशेटच्या वडिलांची भातशेती होती आणि खाडीकाठी मिठागर. नवं शहर आलं, जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर चार मजले उभे राहिले आणि बंडी घालून मीठ ओढणाऱ्याचा मुलगा शेट झाला. माणूस वाईट नव्हता. पण एकदा मोठ्या लोकांच्या कागदांवर अंगठा देऊन पस्तावलेलं घर ते, तिथे विश्वास कुठून राहणार? नारळ घेतला तरी तो तीनदा कानाशी हलवायचा. बॉनेट बंद असताना मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. शेट गाडीला कुलूप लावायचा आणि चार पावलं जाऊन परत यायचा, दार ओढून बघायला.

भावकीची दृष्ट लागेल ही त्याची मोठी धास्ती. म्हणून पहिल्याच शनिवारी त्याने बंपरला लिंबू-मिरची बांधली. कॉलेजात जाणाऱ्या सोनलने, त्याच्या मुलीने, ती त्याच दिवशी काढून टाकली. "पप्पा, एवढी भारी गाडी आणि पुढे हे काय! लोक हसतील." शेटने तेव्हा ऐकून घेतलं. पण पुढच्या शनिवारी पहाटे हळूच बॉनेट उघडलं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू त्याने आत बांधलं, ते नेमकं माझ्या वायरीला. माझ्या डोक्यावर!

इंजिनाच्या धगीने लिंबू शिजायचं, फुटायचं, आणि थेंब थेंब रस वायरीवरून घरंगळत माझ्या टोपऱ्यात उतरायचा. पुढच्या शनिवारी जुनं जाऊन नवं यायचं. असं वर्षभर चाललं. पितळेला आंबट चालत नाही, हे बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवून बघितलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. शेटला कोण सांगणार?

गाडीचा ड्रायव्हर कृष्णात. कोल्हापूरकडचा, शेजारच्या दिवाळे गावात खोली घेऊन राहणारा. रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी बघायचा, ऑइल बघायचा, आणि गाडी चालू केल्यावर मिनिटभर तिला हात लावायचा नाही. "तापू दे बाईला," म्हणायचा. लिंबू त्याला रोज दिसत होतं. मालकाची श्रद्धा, आपण कशाला हात लावायचा, म्हणून तो बाजूने काम उरकायचा. माझा त्याच्यावर जीव होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पावसाळा सरला आणि गाडीला थरथर सुटली. चालताना बरी, पण सिग्नलला उभी राहिली की इंजिन एकदा चढायचं, एकदा बसायचं. मागच्या सीटवर शेटचं पोट हलायचं. पाठीमागे धूर. मी आत ओरडत होतो, पाणी गरम आहे, गरम आहे! पण माझे सांधे गंजलेले. माझा निरोप कधी पोचायचा, कधी वाटेत अडायचा. तो अडला की डब्याला वाटायचं, इंजिन थंडच आहे. मी खरंच बोलत होतो, पण पोचेपर्यंत त्याचं खोटं होत होतं.

शेटने ताबडतोब ओळखलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. "कृष्णात डिझेल विकतो आन् टाकीत रॉकेल भरतो," तो पुतळाबाईंना, म्हणजे बायकोला, म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज येऊ लागला, आणि त्यामागोमाग हुंगल्याचा. सूं... सूं... म्हैस नव्या गवताला हुंगते ना, तसा.

"मालक, वास डिझेलचाच हाय की," कृष्णात म्हणाला.

"चोराला सगला वास सारकाच," शेट म्हणाला.

एका गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, नोझल साफ केले. थरथर तशीच. शेवटी शेटने फर्मान काढलं, "सानपाड्याला सादिकभाईच्या गॅरेजला नेऊ. त्यानी रॉकेल हाय बोलला का तू गाडीतून उतरायचा." त्या दिवशी कृष्णातने पाणी दोनदा बघितलं. नोकरी गेली तर दुसरी मिळते. रॉकेलचा डाग लागलेल्या ड्रायव्हरला मात्र स्टँडवर कोणी उभं करत नाही.

निघण्याआधी शेटने गुपचूप लिंबू तोडून खिशात टाकलं. गॅरेजात हसू नको व्हायला! दोऱ्याची गाठ तेवढी वायरीलाच राहिली. वाशीला लग्नाला जायचं होतं, म्हणून पुतळाबाईही गाडीत होत्या.

सादिक रायगडातल्या म्हसळ्याकडचा, सावकाश बोलणारा. त्याने आधी काही उघडलंच नाही. "गाडी कधी नाचते? थंड असताना की गरम?"

"सकाळी बरी असती," कृष्णात म्हणाला. "तापली की सुरू हुतंय."

"हे तर उलटं झालं." सादिकने फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं, उन्हात धरलं, बोटांवर चोळलं. "शेट, माल एकदम साफ आहे. रॉकेलचं टेन्शन सोडा."

शेटने बाटली ओढून घेतली आणि स्वतः हुंगली. आरोप खोटा ठरला तर आनंद व्हायला हवा ना? त्याला झाला नाही.

तापल्यावरच नाचते म्हटल्यावर सादिकचा संशय माझ्यावर गेला, आणि इंजिन निवल्यावर त्याने मला खोलून बाहेर काढलं. आता माझी पाळी. शेजारच्या सितारामच्या टपरीवरून चहाचं पातेलं आलं, त्यात पाणी उकळलं आणि मी पुन्हा एकदा बुडालो, जन्मलो तेव्हासारखा. माझ्या दोन टोकांना मीटर लावलेला. पाणी तापलं तसा मी सैल पडलो, आकडे भराभर उतरले.

"हा बिचारा खरं बोलतोय," सादिक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी बाजू घेतली. मग त्याने वायरीचं टोपरं उजेडाकडे फिरवलं. आत हिरवट बुरशीसारखा गंज, चिकटलेली एक बी, आणि वायरीला काळ्या दोऱ्याची गाठ. "आंबट काहीतरी सांडतंय इथे. पितळ पार खाल्लंय. हा दोरा कोणी बांधला?"

शेटचा हात खिशात होता, लिंबावर.

"ह्यानीच बांदला असंल," शेट म्हणाला आणि कृष्णातकडे बोट केलं.

कृष्णातने शेटकडे पाहिलं. मग सादिककडे, सितारामकडे. चार परक्या माणसांत मालकाची लाज काढायची का, याचा विचार त्याने केला असावा. "व्हय," तो म्हणाला. "दोरा माझाच. रॉकेल मातर माझं न्हवतं, मालक." त्याने चावी मडगार्डवर ठेवली आणि चालू लागला.

तो रस्त्यापलीकडे गेल्यावर पुतळाबाई गाडीतून उतरल्या. "परसातला लिंबू दर शनवारी कोन नेतं? मी काय आंधली हाय? त्या मानसानी तुमची अब्रू झाकली, आन् तुमी त्यालाच चोर केला."

सादिकने टोपरं बदललं, मला पुसून जागेवर बसवलं, गाडी चालू केली. पाणी तापलं, मी सांगितलं, आणि या वेळी निरोप पोचला. इंजिन झोपलेल्या पोरासारखं शांत चालू लागलं. शेट सवयीने मागच्या सीटवर जाऊन बसला. थोडा वेळ तसाच बसून राहिला. पुढे कोणी नाही, हे ध्यानात आल्यावर उतरून चाकामागे आला.

पुढच्या आठवड्यात त्याने दिवाळ्याला माणूस धाडला. कृष्णातने उलट निरोप दिला, "मालकांस्नी सांगा, गाडी दुरुस्त झाली, पर नाक अजून त्येच हाय." आणि नाक खरंच तेच होतं. गाडी आता शेट स्वतः चालवत होता, डिझेल स्वतः समोर उभा राहून भरत होता, तरी सकाळी झाकण उघडायचं आणि सूं सूं. आता कोणावर संशय होता, देव जाणे.

परवा सानपाड्याच्या सिग्नलला शेजारी भाजीचा टेंपो थांबला. "मालक, थरथर गेली की, आयडलिंग बेस हाय आता," वरून आवाज आला. तो आवाज मी इंजिनाच्या घरघरीतही ओळखला. काच खाली गेली. मागून हॉर्न सुरू झाले तेव्हा शेट म्हणाला, "कृष्णात, तो दोरा माझा व्हता."

"ठावं हाय, मालक." टेंपो पुढे गेला.

संशय वाईट नसतो हो. तो नसता तर इंजिनं जळाली असती आणि माझ्यासारख्यांचं पोट भरलं नसतं. पण घ्याल तेव्हा माझ्यासारखा घ्या, पाणी तापलंय हे कळलं की सैल पडा. आणि कृपा करून माझ्या डोक्यावर काही बांधू नका.

आज सकाळी टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी कान देऊन होतो. हुंगल्याचा आवाज आला नाही. झाकण तसंच परत लागलं. शेटला शहाणपण आलं की नुसती सर्दी झालीय, याची मात्र मला अजून शंका आहे. उद्या सकाळी पुन्हा ऐकेन.