कचरूच्या पाठीवरचा डाग

सकाळी मागच्या खोलीत कचरू शर्ट काढून पालथा पडला आणि त्याच्या आईनं, तुळजाबाईंनी, लाल बॉलपेन उघडला. शेजारी कचरूची बायको नंदाबाई पाठ उघडी करून बसली होती. तिच्या उजव्या खवाट्याखाली तांबूस, खवल्याखवल्यांचा डाग होता. चार वर्षांत चिंचोक्याएवढा होता तो तळहाताएवढा झालेला. तुळजाबाई सुनेची पाठ बघत आणि लेकाच्या पाठीवर उतरवून घेत.

"हालू नको रं. किनार चुकली तर डागदर दुसरंच औषध देईल."

"गुदगुल्या होऊन राह्यल्या माय."

या घरातल्या बाईनं परक्या माणसापुढं अंग उघडं करायचं नाही, हा पणजोबांपासूनचा दंडक. बाईचं दुखणं दवाखान्यात जाई ते पुरुषाच्या अंगावरून. तुळजाबाईंचं पोट दुखलं तेव्हा त्यांचे यजमान पुंजाराम स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवून आले होते. गोळ्या कोणी घ्यायच्या यावर एकमत होईना, म्हणून दोघांनी अर्ध्या अर्ध्या घेतल्या. ही रीत एकदाच अडली. थोरली सून झुंबरबाई हिच्या छातीत गाठ आली, आणि ती कोणत्या पुरुषाच्या अंगावर दाखवायची हे पुंजारामांना सुचेना. ते दोन वर्षं विचार करत राहिले. नव्व्याण्णव साली झुंबरबाई गेली, तेव्हा त्यांचा विचारही संपला.

त्याला आता तीन वर्षं झाली होती.

नवीन जालन्यातल्या दवाखान्यात डॉक्टर बद्रीनाथांनी कचरूची पाठ भिंगातून पाहिली. मग स्पिरिटचा बोळा फिरवला. डाग बोळ्यावर आला.

"घ्या, झाला बरा," डॉक्टर म्हणाले. ते हसले मात्र नाहीत. डाग बायकोचा आहे हे कचरूनं कबूल केल्यावर ते म्हणाले, "आता बायकोला घेऊन या. चार वर्षं मलमाला दाद न देणारा डाग नुसता गजकर्ण नसतो. तुकडा काढून तपासावा लागेल, आणि शाईचा तुकडा कुणी तपासत नाही."

बाहेर नोंदी ठेवणाऱ्या सत्यशीलाताई कागद घेऊन बसल्या होत्या. नाव कचरू, पुरुष, वय अडतीस. पुढचा रकाना आजाराच्या नंबराचा.

"दादा, हा नंबर कोणाच्या नावावर टाकू?"

"माझ्याच टाका. रेशनकार्डबी माझ्याच नावावर हाये."

सत्यशीलाताईंनी रकाना रिकामा ठेवला.

घरी पुंजाराम दारातल्या बाजेवर वाट बघत होते. "काय म्हन्ला डागदर?"

कचरूनं सगळं सांगायचं ठरवलं होतं. बापापुढं पहिलं वाक्य तेवढं बाहेर आलं. "झाला बरा, म्हन्ले."

पुंजारामांनी जिलबी आणवली. नंदाबाईनं ती खाल्ली. जिलबी गोड होती आणि पोलकं पाठीला चिकटलं होतं. संध्याकाळी पोलकं धुताना पाण्यात तांबडा धागा पसरला. असंच पाणी तिनं दोन वर्षं सांडलं होतं, जावेच्या चिंध्या धुताना.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला कचरूनं खाली मान घालून तिला खरं काय ते सांगितलं. तिनं हातातली भाकरी संपवली, ताट धुतलं आणि लग्नाघरी नेसायचं लुगडं काढलं. घराला दार एकच, आणि दारात आडवी बाज.

"कुठं निघालीस?" पुंजारामांनी विचारलं.

"डाग दाखवायला, मामा."

"तो तर बरा झाला."

"त्यांचा झाला. माझा न्हाई."

"घराची इज्जत हाये का न्हाई काही?"

"हाये की. झुंबरअक्काच्या टायमाला बराबर राखली तुम्ही."

मग कचरू उठला आणि त्यानं बाज भिंतीकडं सरकवली. बाजेवर पुंजाराम होते, तेही सरकले.

दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. सत्यशीलाताईंनी नवा कागद केला: नाव नंदाबाई, स्त्री. रकान्यात त्यांनी लिहिलं, डी शून्य चार पॉइंट पाच.

"काय म्हन्तो तो नंबर, ताई?"

"हा कातडीचा कॅन्सरच आहे, पण डी म्हणजे अजून वरच्या थरातच. पाच म्हणजे धडावरचा. काढून टाकला की सुटलात. खाली उतरला असता तर सी लिहावं लागलं असतं."

नंदाबाई त्या अक्षराकडं बघत राहिली. आपण एका अक्षराइतक्याच अलीकडं उभ्या आहोत हे तिला कळलं.

"घरात आधी कोणाला होता का?"

"जाऊबाईला. छातीत गाठ होती."

"त्यांचे कागद?"

"न्हाईत. दाखवलंच न्हाई कोणी." तिनं टेबलावरच्या, आजारांच्या नंबरांच्या पुस्तकाकडं बघितलं. "ताई, त्याला बी नंबर असतो का? दाखवलं न्हाई म्हणून माणूस गेलं, त्याला?"

सत्यशीलाताईंनी ते जाडजूड पुस्तक खरोखर उघडलं. साप चावल्याचा नंबर होता, झाडावरून पडल्याचा होता, वीज पडल्याचाही होता. त्यांनी शेवटपर्यंत पानं चाळली आणि मान हलवली.

"मंग तो रकाना रिकामाच राहू द्या," नंदाबाई म्हणाली. "पर अक्काचं नाव तेवढं लिवा. झुंबरबाई. बाई म्हणून लिवा."