गच्चीवरचं वजन

आमच्या घराची पाण्याची टाकी गच्चीवर नाही. ती अंगणात लोखंडी स्टँडवर उभी आहे. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, टाकी खाली का? पूर्वी याचं उत्तर माझी बायको सौदामिनी द्यायची. आता मी काहीतरी पुटपुटून विषय बदलतो.

भूकंप झाला तेव्हा लातूरचं हे घर नुकतंच बांधून झालं होतं. जिन्याजवळ एक बारीक चीर गेली, बाकी काही झालं नाही. पण सौदामिनीची मावशी औशाच्या पलीकडे एका खेड्यात राहायची. तिच्या घराचं माळवद खाली आलं. दगडी भिंती, वर लाकडं, आणि त्यावर दर पावसाळ्याआधी नव्यानं टाकलेली माती. कितीतरी पिढ्यांचा थर साचलेला. मावशीला बाहेर काढलं तेव्हा सौदामिनी तिथं उभी होती. परत आल्यावर तिनं आधी दोन गडी बोलावले आणि टाकी खाली उतरवून घेतली. स्लॅबचं गणित वेगळं असतं, हे मी तिला समजावायला गेलो.

"माणसं भूकंपानं नाही मेली," ती म्हणाली. "डोक्यावरच्या वजनानं मेली."

मी टाकीसाठी स्टँड करून आणला. तसाही मी वाद घालणाऱ्यांतला नाही.

त्यानंतर गच्चीवर काही चढलं नाही. कुंडी नाही, मोडकी खुर्ची नाही. एक बाज तेवढी होती, कारण सौदामिनी पुढची बरीच वर्षं तिथंच झोपली. थंडीत वाकळ पांघरून. ती गेल्यावर बाज मी हलवली नाही. दुपारी पुस्तक घेऊन बाजेवर बसतो. दक्षिणेला गुरुपादप्पांचं सहा मजली वसतिगृह झालं आहे आणि पश्चिमेला एका डॉक्टरांचं. पूर्वी चैत्रात गच्चीवर पाय ठेववत नसे, आता दुपारी छान सावली असते. मला त्या इमारती आवडत नाहीत, पण सावलीबद्दल मनातल्या मनात त्यांचे आभार मानत आलो.

आमची गल्ली एके काळी मास्तर आणि कारकुनांची होती. कोचिंग क्लासेस वाढले तशी एकेका घराची इमारत झाली. डॉक्टर व्हायला आलेली पोरं खाली पाठ करत येरझारा घालतात आणि वर प्रत्येक गच्चीवर निळसर काळी पॅनेलं सूर्याकडे तोंड करून बसलेली असतात. गल्लीत पॅनेल नसलेली गच्ची माझी एकट्याची.

माझी सगळी नोकरी वीज कंपनीत गेली, आधी नांदेडला, मग इथं. येत्या वर्षी किती वीज विकली जाईल आणि त्यावर दर किती बसवावा लागेल, याचे अंदाज बांधणाऱ्या विभागात मी होतो. शेवटच्या काही वर्षांत अंदाज चुकायला लागले. आधी मला वाटलं, आपलंच गणित कच्चं झालं. मग लक्षात आलं की जास्त वीज घेणारी, जास्त दरानं पैसे भरणारी गिऱ्हाइकं एकेक करून पॅनेलं लावून कमी वीज घेऊ लागली आहेत. आधी इस्पितळं, मग वसतिगृहं, मग बंगले. वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "रेणुकादासराव, आत्ता हे टक्क्यातसुद्धा मोजण्याएवढं नाही. पुढचं पुढं बघू." त्यांचंही बरोबर असेल. मी निवृत्त झालो आणि ते पुढचं माझ्याच गल्लीत आलं.

गुणाबाई मूळच्या चाकूरच्या. गुरुपादप्पांच्या वसतिगृहामागे पत्र्याची एक लांबट खोली भाड्यानं घेऊन त्या मेस चालवायच्या. माझा डबाही त्यांचाच. सौदामिनी असताना कधीमधी यायचा, ती गेल्यावर रोजचा झाला. डबा ठेवताना त्या दोन वाक्यं बोलायच्या, कधी चार. पुष्कळदा दिवसभरात माझ्या कानावर पडलेलं माणसाचं बोलणं तेवढंच असायचं.

महिन्यातून एकदा त्या विजेचं बिल घेऊन यायच्या आणि पायरीवर बसायच्या. पोळ्यांचं मशीन, मिक्सर, फ्रीज, सगळं विजेवर. वापर तेवढाच, बिल मात्र दर वर्षी चढं.

"वीज जाळली त्याचं देते मी, काका," एकदा त्या म्हणाल्या. "पण हे स्थिर आकार, हे वहन आकार, हे कशाचं?"

मी म्हणालो, तारेचं. खांबाचं, डीपीचं म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचं, खांबावर चढणाऱ्या वायरमन हणमंतरावांचं.

"तार तर समद्या गल्लीची हाय की."

मला सोपं करून सांगता येत नाही. आयुष्यभर मी सोपं ते अवघड करून लिहिलं. पण त्या दिवशी समोर डबा होता, म्हणून सुचलं. म्हटलं, समजा तुमच्याकडची पन्नास पोरं म्हणाली, दुपारचं आम्ही खोलीवर करून खातो, फक्त रात्री जेवायला येतो. तर तुमचं भाडं कमी होईल का? स्वयंपाकाची बाई अर्धी ठेवता येईल का?

"चूल तर तेवढीच पेटवावी लागंल."

आणि वर ती पोरं म्हणाली, दुपारी आमच्या चार भाकरी उरल्या होत्या, त्या तुमच्याकडं आणून ठेवल्या, आता रात्रीच्या जेवणातून त्या वजा करा.

गुणाबाईंनी बिलाची घडी घातली. मग त्यांना हसू आलं. "आन् मंग जे बिचारे दोन टाईम जेवतेत, त्यांचा डबा मी महाग करायचा."

तसंच, म्हणालो. पॅनेलवाले दुपारची उरलेली वीज तारेत देतात आणि रात्रीच्या बिलातून वजा करून घेतात. आणि डबा महाग झाला की त्यांतलेही काही जण खोलीवर करून खायला लागतात.

"आन् ज्याला खोलीवर करताच येत न्हाई?"

पॅनेल लावायला स्वतःचं छत लागतं. गुणाबाईंच्या डोक्यावर होता तो गुरुपादप्पांचा पत्रा, आणि तोही वाऱ्यात वाजणारा.

दिवाळीनंतर त्यांनी डबा ठेवता ठेवता सांगितलं की परीक्षा झाल्या की मेस बंद करायची. नांदेडला लेक आहे, आरती, ती बोलावते आहे. इथं भाडं आणि बिल भागवून हाती काही राहत नाही. मी "बरं" म्हणालो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळू लागली. माझ्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. गुणाबाईंनी मेस तिथं आणावी. रीतसर मेसचं मीटर घ्यावं, आणि वर गच्चीवर मी पॅनेलं बसवावीत. भाडं मला नको होतं. बिल नाहीसं झालं तर त्या राहतील.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते कित्येक आठवडे बोललो नाही. पॅनेलांचं काही फार वजन नसतं, हे मला ठाऊक आहे. पण बाजेवर बसलं की सौदामिनीचं बोलणं आठवायचं. शिवाय मी सुटलो की माझ्या वाटचा तारेचा भार पलीकडच्या गल्लीतल्या कोणा दुसऱ्या गुणाबाईवर जाणार, हेही कळत होतं. शिवाय लोक काय म्हणतील. कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

माघ संपता संपता गल्लीतला डीपी जळाला. रोज संध्याकाळी तो तापायचा. दिवसभर गल्ली आपापल्या उन्हावर चालायची आणि सूर्य मावळला की सगळी वसतिगृहं एकदम तारेवर यायची. त्या वेळी मी गच्चीवर असलो तर डीपीचा गुणगुणणारा आवाज हळूहळू मोठा होताना ऐकू यायचा. मला तो ऐकायला आवडायचं. दिवसभर पांगलेली माणसं घरी आल्यासारखं वाटायचं.

जळाला तो मात्र सकाळी. थोड्याच वेळात गुरुपादप्पा फाटकाशी आले. एरवी दिसले की ते मला चिडवायचे, "साहेब, तुमची कंपनी आता आमच्याकडून वीज घ्यायलीय, चहा पाजा." त्या दिवशी त्यांचा सूर वेगळा होता.

"साहेब, डीपी जळाला त्यो कंपनीचा. माझं सोलर का बंद पडलं? ऊन तर हाय की."

मी सांगितलं की तारेत वीज नसेल तर तुमचं यंत्र आपणहून थांबतं. ते तसंच केलेलं असतं.

"कशापाई?"

मी खांबाकडे बोट दाखवलं. हणमंतराव वर चढले होते, कमरेला पट्टा बांधून. तुमच्या पॅनेलांची वीज तारेत गेली असती, म्हणालो, तर ते आत्ता तिथं नसते.

गुरुपादप्पांनी मान वर करून खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्ये विकणाऱ्यानं सांगितलं न्हाई," आणि निघून गेले.

नवा डीपी दुसऱ्या दिवशी येणार होता. खोल्यांमध्ये गुदमरलेली पोरं पुस्तकं घेऊन खाली उतरली आणि सावली दिसेल तिथं बसली; निम्मी माझ्या ओसरीवर. गुणाबाईंचं पोळ्यांचं मशीन बंद. त्यांनी गॅसची शेगडी आणि परात घेऊन सरळ माझं अंगण गाठलं, मला विचारलंही नाही. भाकरी थापायला बसल्या. पोरं ताटं हातात घेऊन टाकीच्या स्टँडला टेकून जेवली. कुणी तरी मला माझ्याच घरात "आजोबा, बसा ना" म्हणालं. सौदामिनी गेल्यापासून त्या ओसरीवर इतकी चपलांची गर्दी झाली नव्हती.

सगळे उठल्यावर गुणाबाई परात धूत होत्या. तेव्हा मी ते वाक्य बोललो. जसं मनात घोळवलं होतं तसं नाही आलं, मधूनच सुरू झालं, गच्ची आधी आणि खोल्या नंतर. पण बोललो.

त्यांनी हात पुसले.

"काका, वर वजन चालंल का?" त्यांनी विचारलं. "काकूंनी टाकी सुदिक ठेवू दिली न्हवती."

मला वाटलं होतं ते आता माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात नसेल. मी म्हणालो, चालेल. म्हणजे, चालवून घेऊ.

"मंग लेकीला थांब म्हणते," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी पुस्तक उघडलं नाही. दोन्ही खोल्या झाडून घेतल्या. बाज गच्चीच्या एका कोपऱ्यात सरकवली आणि सौदामिनीला मनातल्या मनात सगळं समजावून सांगितलं. वजन किती, स्लॅब किती जाड, वगैरे.

पाहणीसाठी सोलरवाल्यांनी रुद्राणी नावाची एक तरुण इंजिनीअर पाठवली. ती याच गल्लीत राहून शिकलेली, तिला गुणाबाईंची आमटीसुद्धा आठवत होती. तिनं टेप लावून गच्ची मोजली. मग ती मधोमध उभी राहिली आणि आधी दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे बघितलं.

"आजोबा, इथं ही सावली रोज असते का?"

मी अभिमानानं सांगितलं की हो, जेवणवेळेपासून थेट संध्याकाळपर्यंत, आणि हिवाळ्यात तर त्याही आधीपासून. मी रोज इथं वाचत बसतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळायला सुरुवात केली. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. विजेच्या खात्यात जन्म घालवलेला माणूस मी, वर्षानुवर्षं त्या सावलीत बसून विजेवरची पुस्तकंसुद्धा वाचलेली, आणि सावलीचा अर्थ मला तिच्या टेपच्या आवाजानं कळला. ती हळू आवाजात म्हणाली की बसवता येईल, पण दिवसाचे दोन-तीन तासच कामाचं ऊन मिळेल. मेसचं मशीन त्यावर चालायचं नाही. तुमच्याकडून पैसे घेणं बरं दिसणार नाही.

रुद्राणी गेल्यावर मी बाज पुन्हा जागेवर आणली. पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं, हेही सांगायला हवं. गच्ची मोकळी राहणार होती. तो क्षण गेल्यावर खाली जाऊन गुणाबाईंना सांगायचं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हणालो, तरीही खोल्या घ्या, भाडं नको. त्या म्हणाल्या, भाड्याचं खरं, पण बिल हायच की, आन् ते दर साली वाढतंय, हे तुमीच सांगितलं. मी समजावून सांगितलेलं त्यांना इतकं नीट समजलं होतं.

"काकूंचाच शब्द राहिला म्हणायचा," उठताना त्या म्हणाल्या.

परीक्षा झाल्यावर त्या नांदेडला गेल्या. जायच्या दिवशीही डबा आला. आत चपात्या जरा जास्त होत्या, संध्याकाळसाठी.

आता डबा गुरुपादप्पांच्या कँटीनमधून येतो. कोण ठेवून जातं ते दिसत नाही, दार वाजतं तेवढंच. गुणाबाईंच्या खोलीला पक्की भिंत घालून तिथं बॅटऱ्या ठेवल्या आहेत. डीपी जळाला त्या दिवसापासून गुरुपादप्पांनी धास्ती घेतली होती. परवा फाटकाशी थांबून त्यांनी मला हौसेनं सांगितलं, "आता रातच्यालासुदिक तुमच्या कंपनीची गरज न्हाई, साहेब. तार तुटू द्या न्हाईतर डीपी जळू द्या. लई जड हायेत बॅटऱ्या, म्हणून खालीच ठेवल्या." डॉक्टरही घेणार आहेत म्हणे. बाकीचे चौकशी करताहेत.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर होतो. सूर्य मावळला. समोरच्या सहाही मजल्यांवर दिवे लागले. मी डीपीचा आवाज चढायची वाट बघत बसलो. तो चढला, पण पूर्वीइतका नाही. मध्येच कुठं तरी थांबला.

मी खाली गेलो. स्वयंपाकघरातला दिवा लावला, मग ओसरीवरचा, मग गुणाबाईंसाठी झाडून ठेवलेल्या दोन खोल्यांतले. पंखेही लावले. एवढ्यानं काही होत नाही, हे मला कोणी सांगायला नको. तरी पुन्हा जिना चढून वर आलो आणि बाजेवर बसून डीपीकडे कान देऊन ऐकत राहिलो.