काळी स्क्रीन

अतिकमामूंच्या जळगावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हुमाने एका जुन्या मदरबोर्डवरची बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, चिप पुसून तिच्यात स्वतः लिहिलेली चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम घातली होती. हार्डडिस्क नाही, विंडोज नाही. वीज दिली की थेट तीच सुरू व्हायला हवी. स्क्रीनवर काही दाखवणं तिला अजून जमलेलं नव्हतं, म्हणून सिस्टिमची अक्षरं एका वायरीतून लॅपटॉपवर यायची. महिनाभर डोकेफोड केल्यावर आज सकाळी लॅपटॉपवर 'सलाम' उमटलं. आल्यावर मामूंना दाखवू, असं म्हणून ती घरी जेवायला गेली.

परत येऊन बटण दाबलं, तर लॅपटॉप गप्प. तिने वायर बदलली, अक्षरं पाठवायचा वेग तपासला, कोडची ओळन् ओळ वाचली. स्वतःचाच इतका राग आला की रडायचीच बाकी होती.

"तो बोर्ड का?" मामू खुशीत म्हणाले. "मॉनिटर लावला, तर डिस्प्लेच नाही. चिपमध्ये मूळ बायोस टाकलं, टकाटक चालू झाला! सावद्याच्या गिऱ्हाईकाला असा जुना बोर्ड हवाच होता, त्याला फोनही केला."

डिस्प्ले नसला की आधी बायोस टाकून बघायचं, ही दुकानाची रीतच होती.

"मामू, तो चालूच होता!"

"काळ्या स्क्रीनने?"

हुमाने दातओठ खात चिपला लिहायचा चिमटा लावला आणि आपली सिस्टिम पुन्हा घालायला घेतली.

"अगं, मग गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"सांगा, तुम्ही दुरुस्त केला होता, भाचीने पुन्हा बिघडवला."